शेवटच्या कडव्यातलं नाव

व्यंकटराव मास्तरांनी माझ्याकडं एक पान मागितलं आहे. गंगाखेडच्या त्यांच्या गणेश मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतात, स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात आमच्या बेंजो पार्टीचा इतिहास छापायचा आहे. स्थापना कधी, सभासद कोण, गाजलेली गाणी कोणती, सत्कार कुठं कुठं झाले, असं त्यांनी चिठ्ठीवर ओळीनं लिहूनही दिलं. मास्तर माणूस चांगला, पण जगातली प्रत्येक गोष्ट फळ्यावर मावली पाहिजे असं त्याला वाटतं. हे एका पानात मावणार नाही. मावलं असतं तर मी पंधरा वर्षं गिळून बसलो नसतो. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर कागद परत पाठवा, मला राग येणार नाही.

स्थापना चौऱ्याहत्तर साली, पालमजवळच्या आमच्या गावात. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर गाव रागावेल, आणि मला अजून तिथंच राहायचं आहे.

आम्ही तिघं होतो. बेंजोवर मी, मुंजाजी. बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, खाली तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं तारा छेडायच्या, दुसऱ्या हातानं बटणं दाबायची. ढोलकीवर गंगाखेडचा शेख हबीब. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं एका मोडक्या रेडिओतून काय काय काढून बेंजोला जोडलं, वर भोंगा लावला, आणि पहिल्यांदा मी तार छेडली तेव्हा दुकानासमोर बांधलेली गाढवं दावं तोडून पळाली. एवढा मोठा आवाज आमच्या भागात तोवर कुणी काढला नव्हता. आम्ही वीस-बावीस वर्षांचे होतो. आम्हाला वाटलं, आता आपल्याला कोण अडवतं.

तिसरा चंद्रभान. पार्टी खरं म्हणजे त्याचीच. बौद्ध वस्तीतला, दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारा, सातवीपर्यंत शिकलेला. गाणी तो रचायचा आणि तोच म्हणायचा. रानात खुरपताना रचायचा, संध्याकाळी मला म्हणून दाखवायचा, मी बटणांवर चाल शोधायचो. त्याचा गळा थोडा फाटका होता. गोड गळ्याचे गाणारे पुष्कळ ऐकले, पण चंद्रभान म्हणायला लागला की स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या.

लग्नाघरी जेवायची वेळ आली की पंचाईत व्हायची. मला मांडवात बोलवायचे, हबीबला ओट्यावर, चंद्रभानला थेट गोठ्याकडं. दोन लग्नं आम्ही हे सहन केलं. तिसऱ्या लग्नापासून घरूनच भाकरी बांधून न्यायला लागलो आणि तिघं एका लिंबाखाली बसून खायला लागलो. लोक म्हणायचे, पार्टीला फार माज आलाय. होताच माज. आयुष्यात तेवढा एकच माज मी केला, त्याची मला लाज वाटत नाही.

आमचं गाजलेलं गाणं मास्तरांना ठाऊक आहे, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पाठवणीचं गाणं. चंद्रभानच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा नवरी एसटीनं सासरी गेली. स्टँडवर तो तिला सोडायला गेला, आणि परत येताना रस्त्यातच त्यानं ते रचलं.

यष्टीच्या खिडकीत बसली बहीण
मागं ना वळून बघं गं

मधली कडवी धुळीची, कंडक्टरच्या घंटीची. आणि शेवटचं असं:

चंद्रभान म्हणे, थांबव गाडी
विसरलं गठुडं मागं गं

गठुडं काही विसरलेलं नसतं. गाडी थांबावी म्हणून भाऊ खोटं बोलतो. ही ओळ आली की नवरीकडचे पुरुषसुद्धा पटक्याच्या शेवानं डोळे पुसायचे.

शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं, त्याला आमच्यात छाप म्हणतात. लिहून ठेवणारे फार नव्हते, तेव्हा गाणं कुणाचं याचा तेवढाच कागद. ऐकणारेसुद्धा छापेची वाट बघत थांबायचे. छाप आल्याशिवाय गाणं संपलं असं कुणी मानायचं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेरीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. पुढं मराठवाड्यात काय झालं ते सांगायची गरज नाही. आमच्या गावातही झालं. दिवसाढवळ्या झालं. बौद्ध वस्तीतली अकरा घरं जळाली, त्यात चंद्रभानचं एक. जाळायला गेलेल्यांत माझ्या भावकीतले होते, माझा सख्खा चुलतभाऊ होता. मी गेलो नव्हतो. मी दार लावून घरात बसलो होतो. लोक अजून मला म्हणतात, मुंजाजी, तू त्यात नव्हतास. खरं आहे. मी दाराला आतून कडी लावत होतो.

त्यानंतर गावानं वस्तीवर बहिष्कार टाकला. गिरणी बंद, दुकान बंद, मजुरी बंद. पाचव्या दिवशी सकाळी चंद्रभान माझ्या अंगणात आला. त्याची बायको कुसुमबाई दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन रस्त्यावर थांबली होती. ते परभणीला निघाले होते.

“बस,” मी म्हणालो.

“बसत न्हाई. यष्टी जाईल.” त्यानं इकडंतिकडं बघितलं. “मुंजा, वही जळाली. सगळी गाणी गेली.”

“माझ्या ध्यानात हायत की.”

“म्हणूनच आलो. आता ती तुज्यापशीच हायत. वाजव, म्हण, कुणालाबी म्हणायला लाव. छाप तेवढी राहू दे.”

“राहील,” मी म्हणालो.

त्यानं दुसरं काही मागितलं नाही. घर कुणी जाळलं हेही विचारलं नाही. मी पिशवीत ज्वारी घालून देऊ का म्हणालो, त्यानं नको म्हणून हात हलवला. मागं न बघता दोघं स्टँडकडं गेली.

पार्टी मोडायला हवी होती. मोडली नाही. माझी बोटं शिवशिवत होती आणि लग्नसराई तोंडावर आली होती. पालमचा दत्तराव नावाचा तरुण मी गायला घेतला. गळा गोड, अंगात सिल्कचा शर्ट, आणि गाण्यातलं एक अक्षर त्याच्या आतड्यातून यायचं नाही. हबीबला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात आबासाहेबांच्या लेकीचं लग्न होतं. आबासाहेब म्हणजे आमच्या गावातलं मोठं घर, त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. आदल्या ऑगस्टमध्येही गेलं नव्हतं. पाठवणीला बाहेर जीप उभी, बायका रडतायत, आणि सगळ्यांनी एकच गाणं मागितलं. मी दत्तरावाच्या कानात म्हणालो, शेवटचं कडवं सोडून दे. आबासाहेबांच्या दारात चंद्रभानचं नाव घ्यायची माझी छाती नव्हती. मला वाटलं, नाव घेतलं नाही म्हणजे नाव बुडवलं असं थोडंच होतं.

दत्तरावानं कडवं सोडलं. गाणं संपलं, पण कुणी हललं नाही. बायका पदर डोळ्यांना लावून तशाच थांबलेल्या. नवरी जीपमध्ये एक पाय टाकून उभी. सगळे छापेची वाट बघत होते.

“छाप घ्या की,” आबासाहेब म्हणाले. “लेकीच्या वाटंला अर्धं गाणं लावायलाव का?”

ते हे माझ्याकडं बघत म्हणाले. गाणं कुणाचं ते त्यांना ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. दत्तराव गडबडला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी बटणांकडं. मग त्यानं समोर जो माणूस दिसला त्याचं नाव घेतलं.

मुंजाजी म्हणे, थांबव गाडी
विसरलं गठुडं मागं गं

दोन्ही नावं मात्रेला अगदी सारखी. कुठं ओढाताण नाही, कुठं खड्डा नाही. नाव बसलं नसतं, तोंडात अडखळलं असतं, तर कदाचित मी थांबलो असतो. पण ते असं बसलं की ऐकणाऱ्यांना हायसं वाटलं, नवरी जीपमध्ये बसली, आणि आबासाहेबांनी मला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. गावातल्या लोकांनी माझ्याकडं त्या नजरेनं आधी कधी बघितलं नव्हतं.

जीप गेल्यावर हबीबनं ढोलकी फडक्यात गुंडाळली.

“नाम बदल डाल्या ना मुंजा,” तो म्हणाला, “अब ढोलकीवाला भी बदल ले.”

तो परत कधी आमच्याबरोबर वाजवायला बसला नाही. रस्त्यात भेटला तर बोलायचा, चहाही पाजायचा, पण पार्टीचा विषय काढला की रेडिओचा आवाज मोठा करायचा.

पुढचं मास्तरांच्या चिठ्ठीतल्यासारखंच आहे. वालूर, सेलू, जिंतूर, थेट नांदेडपर्यंत कार्यक्रम. चौऱ्याऐंशी साली औरंगाबादच्या एका कॅसेटवाल्यानं बोलावलं. कॅसेटवर माझा फोटो, हातात बेंजो, मागं कागदाचं कमळ. ‘गीत, संगीत : मुंजाजी’. तिथं त्या माणसानं मला विचारलं होतं, गीत कुणाचं. मी बेंजोची तार पिळायला लागलो. तो म्हणाला, छापेत तुमचंच नाव आहे की, आणि त्यानं लिहून टाकलं. एका क्षणात झालं. अशा गोष्टींना फार वेळ लागत नाही.

पुढल्या वर्षी गंगाखेडच्या स्टँडवर चंद्रभान भेटला. सात वर्षांनी. केस पांढरे व्हायला लागलेले, खांदा एका बाजूला झुकलेला. परभणीच्या मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करायलो म्हणाला. आम्ही हॉटेलात चहाला बसलो. कुसुमवहिनी कशा, पोरगी कितवीला, असं बोलणं चाललं होतं, आणि हॉटेलवाल्यानं मला ओळखलं. मोठ्या कौतुकानं त्यानं आमची कॅसेट लावली.

गाणं पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघं बशीकडं बघत बसलो. शेवटचं कडवं आलं, गेलं. चंद्रभाननं चहाचा उरलेला घोट घेतला.

“बेंजो चांगला वाजलाय,” तो म्हणाला.

“पुढच्या कॅसेटीत छाप दुरुस्त करतो,” मी म्हणालो.

“कर की. घाई न्हाई.”

पुढं तीन कॅसेटी निघाल्या. दत्तराव पार्टी सोडून गेला, मग मीच म्हणायला लागलो. दर वेळी मनाशी ठरवायचो. दर वेळी वाटायचं, लोकांना आता असंच पाठ आहे, मध्येच बदललं तर विचारतील, आणि विचारलं तर मागचं सगळं निघेल. तो घाई न्हाई म्हणाला होता, ते मी एखाद्या सरकारी सवलतीसारखं वर्षानुवर्षं वापरलं.

यंदाच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाला अखेर बाबासाहेबांचं नाव लागलं. एका नावासाठी सोळा वर्षं माणसं मेली, जळाली, तुरुंगात गेली, हे मी पेपरात वाचत होतो. त्याच आठवड्यात हबीब माझ्या गावी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभा राहून म्हणाला, चंद्रभानच्या घशात गाठ झाली आहे, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय.

“जाना है तो अब जा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बेंजो घेऊन परभणीला गेलो. ठरवूनच गेलो. त्याच्या घरात, त्याच्या माणसांसमोर, गाणं त्याच्या नावानं म्हणायचं. कान शाबूत आहेत तोवर त्यानं आपलं नाव एकदा ऐकलं पाहिजे. त्यानंतर नवी कॅसेट, पेपरात निवेदन, काय लागेल ते. एसटीत बसून मी ते कडवं मनात घोळवत होतो. चंद्रभान म्हणे, चंद्रभान म्हणे.

रेल्वेलाइनच्या पलीकडं वस्ती. दारोदार निळे झेंडे, कुठंतरी भोंग्यावर गाणी चाललेली. चंद्रभान बाजेवर उशाला टेकून बसला होता. मी त्याला ओळखलं ते फक्त डोळ्यांवरून. त्याचा आवाज पार गेला होता. काही सांगायचं झालं तर कुसुमबाई त्याच्या तोंडाजवळ कान न्यायची आणि आम्हाला सांगायची.

पोरगी, संघमित्रा, अठरा वर्षांची झाली होती. नर्सिंगला जाणार म्हणाली. मी नाव सांगताच ती हरखून गेली.

“कॅसेटीतले मुंजाजी? आई, हे कॅसेटीतले मुंजाजी हायत?” मग बापाकडं वळून म्हणाली, “बाबा, तुमी कधी सांगितलं न्हाई तुमची वळख हाय म्हणून.”

चंद्रभान हसल्यासारखा झाला.

ती चहा टाकायला गेली तशी मी कुसुमबाईला हळूच विचारलं, “वहिनी, पोरीला ठाऊक न्हाई?”

“न्हाई.” तिच्या आवाजात धार होती. “माझ्या पुतणीच्या लग्नात तुमचं गाणं वाजलं. ही रडली, मला म्हणली, काय गाणं रचलंय गं ह्या माणसानं. हे शेजारीच उभे. मी सांगायला निघाले, तर ह्यांनी माझा हात दाबला. घरी आल्यावर म्हणले, गाणं कुणाचं ते सांगितलं तर गाव कसं सुटलं तेबी सांगावं लागंल. पोरीला त्यातलं काई ठावं न्हाई. तिला कुणाच्या रागात वाढवायचं न्हाई, म्हणले.”

मला खाली बघावं लागलं. तरी मी ठरवलं होतं ते सोडलं नाही. संघमित्रा चहा घेऊन आली, कप ठेवून बापाच्या पायाशी बसली, तेव्हा मी सरळ म्हणालो, “बाई, ते गाणं माझं न्हाई. तुज्या बापाचं हाय. आम्ही तिघं एका पार्टीत होतो. गाणी हाच रचायचा.”

ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग आईकडं. “खरं का गं?”

कुसुमबाईनं चंद्रभानकडं बघितलं. त्यानं मान किंचित हलवली, वाजव, अशी.

“ऐक,” कुसुमबाई पोरीला म्हणाली. “छाप ऐक शेवटी. तिथं नाव येतं.”

मी बेंजो मांडीवर घेतला. भोंगा नाही, वायर नाही, नुसत्या तारांचा बारीक आवाज. पहिली ओळ म्हटली आणि चंद्रभाननं डोळे मिटले. त्याचं बोट बाजेच्या काठावर ठेका धरायला लागलं. मी खूप दिवसांत इतकं मनापासून म्हटलं नव्हतं. धुळीचं कडवं झालं, घंटीचं झालं. कुसुमबाईचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं, आता ओझं उतरतंय. आणि त्या सुखाच्या भरात, माझं लक्ष थोडं सैल पडलं असेल तेवढ्यात, तोंड आपलं आपण पुढं गेलं.

मुंजाजी म्हणे, थांबव गाडी

ओळ तोंडातून गेल्यावर मला ऐकू आली. हात तरीही थांबला नाही, त्यानं पुढचं गठुडंसुद्धा वाजवून टाकलं. चंद्रभानचं बोट बाजेवर थांबलं होतं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

“हुबेहूब कॅसेटीसारखं म्हणता की काका,” संघमित्रा म्हणाली.

“चुकलं,” मी म्हणालो. “सवयीनं झालं. थांब, परत म्हणतो.”

कुसुमबाई उठली आणि कप गोळा करायला लागली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी परत तार छेडली, पण चंद्रभाननं हात वर केला. पांघरुणातून जेमतेम एवढा वर आला. नको, म्हणाला तो हात. कुसुमबाई त्याच्या तोंडाशी वाकली, ऐकलं, आणि तशीच वाकलेली राहून म्हणाली, “दमलेत. झोपतो म्हणायलेत.”

मी बेंजो पिशवीत घातला. काही म्हणायला तोंड उघडलं, पण जे म्हणायचं ते म्हणायच्या जागी मी माझंच नाव म्हणून बसलो होतो.

संघमित्रा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाटेत ती म्हणाली, “काका, बाबांना बरं वाटावं म्हणून तुमी तसं म्हणलाव ना? लय मोठं मन हाय तुमचं.” मी नाही म्हणालो. ती हसली. कोपऱ्यावर वस्तीतली दहा-बारा माणसं उन्हात बसली होती. त्यांच्यासमोर थांबून तिनं मला पुढं केलं.

“हे मुंजाजीकाका. ते यष्टीचं गाणं ह्यांचंच हाय. आमच्या बाबांचे दोस्त हायत.”

माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. सगळे जयभीम म्हणाले. मीही जयभीम म्हणालो, आणि स्टँडकडं निघालो.